बाई, मला येतं. लिहायला जमत नाही

(संघटनेच्या शिबिरात ‘मुली आणि शाळा’ या सत्रात एका निवृत्त माध्यमिक शिक्षिकेने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

इथे बोलायचं म्हटल्यावर मला थोडा संकोच वाटला. तुम्ही पोटगी, रेशन, दारूबंदी, घरातली मारहाण अशा प्रश्नांवर वर्षानुवर्षं झगडलेल्या. मी शाळेतली बाई. १९८८ पासून २०२० पर्यंत एका तालुक्याच्या गावी मराठी आणि इतिहास शिकवला. पण संयोजक ताई म्हणाल्या, मुली शाळेतून का गळतात यावर बोला. तेव्हा मी ठरवलं की एका मुलीबद्दल बोलायचं. तिच्या बाबतीत माझ्या हातून काय झालं, तेही सांगायचं.

१९९४ सालची गोष्ट. नववीचा वर्ग. ही मुलगी मधल्या रांगेत भिंतीकडेला बसायची. दंगा नाही, उलट उत्तर नाही. वर्गात मिठाचा सत्याग्रह शिकवत होते. शिरोड्याचा सत्याग्रह सांगितला, दांडीयात्रा सांगितली. तर ही उठून म्हणाली, “बाई, दांडीला चालत गेले त्यांच्यात बाया का नव्हत्या? मीठ तर बायाच वापरतात.” पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मग मी कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी गांधीजींशी घातलेला वाद सांगितला. मुंबईत त्यांनी आणि अवंतिकाबाई गोखल्यांनी कायदा मोडून मीठ तयार केलं तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने हे सगळं वर्गाला उभं राहून पुन्हा सांगितलं, माझ्यापेक्षा चांगलं.

वार्षिक परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला. तिच्या पेपरात अडीच ओळी होत्या. ‘सत्याग्रह’ या शब्दाची तीन रूपं, तिन्ही चुकलेली. घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल. वेलांट्या भलतीकडे, जोडाक्षरं सुटलेली. मी एक गुण दिला आणि लाल शाईने लिहिलं, ‘अभ्यास करावा. अक्षर सुधारावे.’ ती नापास झाली. पेपर दाखवला त्या दिवशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “बाई, मला येतं, लिहायला जमत नाही.” मी म्हटलं, “कागदावर नाही त्याला मी गुण कुठून देऊ?” त्या वेळी मला हे उत्तर अगदी बिनतोड वाटलं होतं.

तिचा भाऊ दहावीला दोनदा नापास झाला होता. त्याला क्लास लावला, पुन्हा फॉर्म भरला. तिच्या वडिलांनी मात्र गुणपत्रिका पाहून सांगितलं, “पोरीला डोकं नाही, उगाच वर्षं कशाला घालवायची?” दोन वर्षांत तिचं लग्न झालं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. ते लग्न बेकायदा होतं हे आपण सगळ्या जाणतो. पण त्या लग्नाला माझ्या सहीची गुणपत्रिका कारण म्हणून वापरली गेली, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे २००६ साली एका प्रशिक्षणात मी पहिल्यांदा ‘अध्ययन अक्षमता’ हा शब्द नीट ऐकला. बुद्धी चांगली, कान-डोळे चांगले, शिकवणारं माणूसही आहे; तरी अक्षर वाचणं, लिहिणं किंवा आकड्यांचा हिशेब काही मुलांना फार जड जातो. वाचनातल्या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात, लिहिण्यातल्या अडचणीला डिसग्राफिया, गणितातल्या अडचणीला डिसकॅल्क्युलिया. काही मुलांचं चित्त एका जागी ठरत नाही, त्याला एडीएचडी म्हणतात. काही मुलं स्वमग्न असतात. आवाज, गर्दी, अचानक झालेला बदल त्यांना सोसत नाही. बोलण्यावागण्याची त्यांची रीत वेगळी असते. या सगळ्यांना मिळून आता ‘न्यूरोडायव्हर्जंट’ म्हणतात, म्हणजे मेंदूची घडण चारचौघांहून वेगळी असलेले. या शब्दामागचा विचार १९९०च्या दशकात स्वमग्न माणसांच्या स्वतःच्या गटांतून पुढे आला, म्हणून मला तो आवडतो. ‘आमच्यात बिघाड आहे असं समजू नका, आमची घडण वेगळी आहे,’ असं त्यांचं म्हणणं होतं. दुसऱ्यांनी आपल्याला काय म्हणावं हे आपण ठरवायचं, हा आग्रह आपल्या चळवळीला नवा नाही.

प्रशिक्षणाहून परत येताना एस.टी.त मला ती अडीच ओळींची उत्तरपत्रिका आठवली. आणखी एक गोष्ट तिथेच कळली होती. आपल्या महाराष्ट्र शासनाने अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला १९९६ सालीच सुरुवात केली होती. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित. ही सुरुवात मुंबईत झाली, कारण तपासणी करणारी मोठी सरकारी रुग्णालयं तिथे होती. आमच्या तालुक्यापर्यंत ही बातमी यायला दहा वर्षं लागली.

आता प्रश्न असा, की हा विषय स्त्री-संघटनेचा का? मला याची तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण, मुली नजरेतून सुटतात. मुलगा बाकावरून उठतो, खोड्या काढतो, वही फेकतो. मास्तर वैतागतात आणि त्याच्याकडे लक्ष जातं. मुलगी खाली मान घालून बसते, शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते, आणि आपण तिला ‘गरीब गाय’ म्हणून सोडून देतो. १९९० साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शाळांनी वाचनाची अडचण म्हणून निवडलेल्या मुलांत मुलगे मुलींच्या कितीतरी पट होते. संशोधकांनी मात्र वर्गातल्या सगळ्याच मुलामुलींची स्वतः चाचणी घेतली, तेव्हा तो फरक जवळजवळ उरला नाही. पुढच्या काही अभ्यासांत मुलगे थोडे जास्त निघाले, पण शाळेच्या यादीत दिसतो तेवढा फरक नाही. याचा अर्थ कितीतरी मुली यादीतच येत नव्हत्या. एडीएचडी आणि स्वमग्नता यांतही असंच होतं. मुली आपली अडचण झाकायला शिकतात. चांगली मुलगी कशी वागते याचे धडे त्यांना घरीच मिळालेले असतात.

दुसरं कारण आई. मूल मागे पडलं की शाळा आईला बोलावते. “घरी लक्ष देत नाही का?” हे वाक्य मीही कितीदा उच्चारलं आहे. एके काळी पश्चिमेकडच्या मोठमोठ्या डॉक्टरांनी स्वमग्न मुलाचं खापर आईवर फोडलं होतं. आई थंड, मायेची ऊब न देणारी, म्हणून मूल असं झालं, असं ते सांगत. १९६४ साली एका मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, पुस्तक लिहून हे खोडून काढलं. आज कोणी जाणता डॉक्टर असं म्हणत नाही, पण आपल्या घराघरांत अजून म्हणतात. दाखल्यासाठी रुग्णालयाच्या रांगेत उभी आई. रोजगार बुडतो तो तिचा. रात्री अभ्यास घेणारी तीच, आणि सासूची बोलणी खाणारीही तीच.

तिसरं कारण, शिक्षण तुटलं की मुलीला परतीची वाट नसते. मुलगा नापास झाला की आणखी एक वर्ष मिळतं. मुलगी नापास झाली की स्थळं पाहायला सुरुवात होते. २०२३ मध्ये महाराष्ट्राने नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. पुरवणी परीक्षेतही नापास झालं तर त्याच वर्गात ठेवायचं. पाचवीत एक वर्ष मागे राहिलेली मुलगी घरात कशी मोजली जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता गुणांकडे येते. आमच्या शिक्षकांच्या खोलीत हे बोलायला लागले की हमखास एक आक्षेप यायचा. “सगळ्यांना एकच पेपर, एकच वेळ, हाच खरा न्याय. एकीला जादा वेळ दिला तर बाकीच्यांवर अन्याय नाही का?” मी त्यांना विचारायची, इतिहासाच्या पेपरात आपण काय मोजतो? इतिहास कळला का ते, की तीन तासांत किती पानं भरली ते? हाताचा वेग हाच विषय असेल तर वेग जरूर मोजा. टंकलेखनाच्या परीक्षेत वेग मोजावाच लागतो. पण मिठाचा सत्याग्रह कळलाय का हे पाहायचं, आणि गुण कापायचे वेलांटीचे, यात मोजमापच चुकलेलं आहे.

आणि ‘सवलत’ हा शब्द. बाळंतपणाच्या रजेला मालक काय म्हणत होते ते आठवा. बायांना सवलत, पुरुषांवर अन्याय! आपण म्हटलं, कामाचे नियम बाळंत न होणाऱ्या माणसाला समोर ठेवून केले, तो मूळ अन्याय आहे. रजा हा आमचा हक्क आहे. परीक्षेचे नियमही तसेच एका ठरावीक मुलाला समोर ठेवून केलेत. पटपट वाचणारा, भरभर लिहिणारा, तीन तास एका जागी बसणारा. बाकीच्यांनी त्याच्या मापाचे कपडे घालायचे.

कायदा आज आपल्या बाजूचा आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एकवीस प्रकारच्या अक्षमता मानतो. त्यात अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता दोन्ही आहेत. कलम १७ मध्ये अभ्यासक्रम आणि परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, आणि जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा नावानिशी उल्लेख आहे. २०१८ च्या केंद्राच्या सूचनांत जादा वेळ ताशी वीस मिनिटांपेक्षा कमी नसावा असं म्हटलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराचं प्रकरण आलं. चाळीस टक्के अक्षमतेचा दाखला नाही म्हणून लेखनिक नाकारणं चुकीचं आहे, असं न्यायालयाने ठरवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण आलं. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत तिला हक्काचा एक तास दिला नव्हता आणि पेपर हातातून काढून घेतला होता. तिच्यावर अन्याय झाला आहे आणि तो दूर कसा करायचा ते ठरवा, असं न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या संस्थेला बजावलं. एक मुलगी दिल्लीपर्यंत भांडली, हे मी मुलींना मुद्दाम सांगते.

पण हे सगळं दाखल्याशी बांधलेलं आहे, आणि दाखला मिळवणं सोपं नाही. जिल्ह्याला एखादं ठिकाण. तारखांवर तारखा. खाजगीत तपासणीचा खर्च मजूर बाईच्या आवाक्याबाहेरचा. शिवाय चाचणी कोणत्या भाषेत? मराठी माध्यमाच्या मुलीला इंग्रजी चाचणी दिली तर निकाल काय येणार? मराठीसाठी, हिंदीसाठी आणि कन्नडसाठी ‘डाली’ नावाचं साधन राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलं, हे चांगलं झालं. पण जिच्या घरी कोरकू किंवा गोंडी बोलतात तिचं काय? ती अडखळते ते मेंदूच्या घडणीमुळे की परक्या भाषेमुळे, हे नीट न पाहता आपण तिला ‘मंद’ म्हणून मोकळे होतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की दाखला हवाच, पण वर्गातला न्याय दाखल्यासाठी थांबायला नको. २००६ नंतर मी वर्गात काही साधे बदल केले, ते सांगते.

फळ्यावरचं उतरवून घेणं कमी केलं. ज्यांना जड जातं त्यांना मुद्दे लिहिलेला कागद दिला. प्रत्येक धड्याच्या पाच-सहा पायऱ्या केल्या आणि त्या भिंतीवर लावल्या. ज्या मुलीला जी पायरी आली असं वाटेल तिने येऊन सांगायचं, तेव्हा तिची छोटी चाचणी घ्यायची. तोंडी, चित्र काढून किंवा लिहून. नाही जमलं तर आठवड्याने पुन्हा. मागचा कमी गुण खोडायचा, नवा धरायचा. शेवटी येतं की नाही हे महत्त्वाचं. पहिल्या वेळी आलं नव्हतं याची शिक्षा जन्मभर कशाला? शुद्धलेखन भाषेच्या तासाला वेगळं पाहायचं, इतिहासात त्याचे गुण कापायचे नाहीत. हे नियमाबाहेरचं नव्हतं बरं का. २०१० पासून आपल्याकडे आठवीपर्यंत आकारिक मूल्यमापन आहे, आणि त्याच्या साधनांत ‘तोंडी काम’ स्पष्ट लिहिलेलं आहे. पण बहुतेक ठिकाणी सत्राच्या शेवटी एका बैठकीत नोंदी भरल्या जातात.

सगळं सुरळीत झालं असं नाही. साठ मुलांच्या वर्गात दर आठवड्याला चाचण्या घेताना माझी दमछाक झाली. नववी-दहावीला मी फार काही बदलू शकले नाही. एका पालकांनी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली, की बाई काही मुलींचे लाड करतात. तेव्हा मी जादा वेळ सगळ्याच वर्गाला दिला. ज्यांचं लिहून झालं होतं त्या वेळेआधीच पेपर देऊन खेळायला गेल्या. जिला गरज होती ती बसून लिहीत राहिली. तक्रार तिथेच संपली.

‘ज्याच्या त्याच्या गतीने शिकणं’ ही नवी फॅशन आहे असं कोणी म्हणेल. तसं नाही. मारिया मॉंटेसोरी या डॉक्टर बाईंनी रोममध्ये काम सुरू केलं ते ज्यांना मतिमंद म्हणून बाजूला टाकलं होतं त्या मुलांबरोबर. हाताने करत, आपल्या गतीने ती मुलं शिकली, तेव्हा त्यांनी उलट प्रश्न केला, की मग धडधाकट मुलांच्या शाळा इतक्या वाईट का? १९०७ साली त्यांनी आपलं बालगृह काढलं. हीच पद्धत आपल्याकडे ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेली आणि अनुताई वाघांनी ती पुढे चालवली. गुरं चारणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तर शाळाच कुरणावर गेली. कुरणशाळा. मुलाला शाळेच्या मापात बसवण्याऐवजी शाळा मुलाकडे नेणं, हे काम आपल्या मातीत बायांनी करून दाखवलेलं आहे.

पण इथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. ‘तिच्या गतीने शिकू दे’ याचा अर्थ ‘तिला घरी बसू दे’ असाही काढला जातो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात विषय निवडता येतात, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवता येतो. हे फार मोलाचं आहे, कितीतरी मुलांना त्याने तारलं. पण मुलगी असेल तर शाळाच सुचवते, “सतरा नंबरचा फॉर्म भरा, नाहीतर मुक्त विद्यालय बघा.” मग ती घरी धुणीभांडी करते, भावंडं सांभाळते, आणि पुस्तक कपाटात राहतं. शाळेचा निकाल मात्र शंभर टक्के लागतो! आपल्या गतीने शिकायलाही बाई लागते, वेळ लागतो, मैत्रिणी लागतात. मुलीवर जास्त लक्ष दिलं जाणार असेल तरच त्याला स्वयंगती म्हणायचं. नाहीतर ती हकालपट्टी आहे.

आपण काय करू शकतो? आपल्या वस्तीतल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत आपल्या बाया असतात. तिथे विचारा, तोंडी काम खरंच घेता का? मागे पडणाऱ्या मुलींची यादी कोणी केली आहे का? दाखल्यासाठी आईला एकटीला पाठवू नका, दोघी-तिघी बरोबर जा. तालुक्याला महिन्यातून एकदा तरी तपासणी व्हावी अशी मागणी जिल्हा परिषदेकडे लावून धरा. शाळेने मुक्त विद्यालय सुचवलं तर कारण लेखी मागा. आणि मुलगी नापास झाली म्हणून लग्न ठरत असेल तर त्या घरी जाताना तिची वहीही मागून पाहा.

शेवटी त्या मुलीबद्दल. २००९ साली ती शाळेत आली. बरोबर अकरा वर्षांचा मुलगा. म्हणाली, “बाई, ह्याचंही माझ्यासारखंच आहे. ह्याला तरी सांभाळून घ्या.” डिस्लेक्सिया बऱ्याचदा घराण्यात असतो हे मी तोवर वाचलं होतं. आम्ही दोघी त्याला घेऊन मुंबईला गेलो, चार खेपा झाल्या, दाखला मिळाला. दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळाला आणि तो पास झाला. त्या खेपांत एकदा गाडीत मी तिची क्षमा मागितली. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “बाई, तुम्ही एक गुण तरी दिला होता. बाकीच्यांनी भोपळा दिला.” मला पुढे काही बोलता आलं नाही.

ती आज गावच्या बचत गटात आहे. वीस जणींचे हप्ते, व्याज, कोणाचं किती थकलंय, सगळं तिला तोंडपाठ असतं. पण गटाचं अध्यक्षपद तिने दोनदा नाकारलं. घरकाम आहे, असं सांगते. मला कारण माहीत आहे. अध्यक्षाला इतिवृत्त वाचून दाखवावं लागतं.

आपल्या संघटनेतही अशा बाया असतील. अहवाल लिहायची वेळ आली की मागे सरकणाऱ्या, फॉर्म घरी नेऊन मुलीकडून भरून आणणाऱ्या, शिबिरात गटाचं सादरीकरण नेहमी दुसरीवर ढकलणाऱ्या. आपण म्हणतो, तिला पुढे यायचंच नाही. मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत अशा एकीला सांगा, की तू बोल, लिहायचं काम आम्ही दुसरीला देऊ. आणि तिचं बोलणं इतिवृत्तात तिच्या नावाने लिहा.

माझं एवढंच सांगणं होतं. आता तुमच्या शाळेत काय घडतं ते मला ऐकायचं आहे.